हातचा

एकोणीस वर्षं मी या विद्यापीठाची कुलपं सांभाळतो.
"आदेलिनो, तुझ्याकडे तर सगळ्या दारांच्या किल्ल्या!"
हा विनोद दर सप्टेंबरला कुणीतरी नव्याने करतं.
मी हसतो.
हसणं पगारात धरलेलं आहे.

रात्री दोनला टॉवेल गुंडाळून उभी राहिलेली पोरं पाहिलीत,
केसांत साबण, किल्ली आत.
त्यांतला एक पुढे न्यायाधीश झाला म्हणे.
त्याचे दार उघडल्याचे तीस डॉलर अजून यायचेत.

मार्चअखेरच्या गुरुवारी इव्हांद्राचा निकाल लागला.
दोमिंगास रात्रपाळीहून आलेली, बूट पायात तसेच.
शंभरांतले सहा घेतात.
त्या सहांतली एक आमच्या स्वयंपाकघरात
उभ्या उभ्या कॉर्नफ्लेक्स खात होती, कोरडेच.
दूध संपलं होतं.

मग दुसरं पत्र.
शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं आणि 'इतर'.
त्याखाली अनुदान, कर्मचाऱ्याच्या मुलीची सवलत,
तिने वाचनालयात करायचे आठवड्याचे दहा तास,
तिच्या नावावरचं कर्ज,
आणि तळाशी, आमचा वाटा:
अकरा हजार चारशे.
मी पेन्सिलीने वजाबाकी पुन्हा मांडली.
हातचा घ्यायला शेजारच्या घरात
काहीच नव्हतं.

फॉर्मवर मात्र आमचं तीन मजली लाकडी घर
भलतंच श्रीमंत दिसत होतं.
छप्पर गळतं,
मधल्या मजल्यावर मेहुणा राहतो,
भाडं म्हणून शुक्रवारी मासे देतो,
हे लिहायला रकाना नव्हता.

"अपील करा," मदत कार्यालयातल्या हॅलोरनबाई म्हणाल्या.
त्यांचा अडकलेला खण मीच उघडून दिला होता जानेवारीत.
मी छप्पर लिहिलं, मासे लिहिले, दोमिंगासची पाठ लिहिली.
दोन हजार शंभर कमी झाले.
बाजारात याहून जास्त सुटतात कधी कधी,
पण तिथे निदान
निघून चालल्याचं नाटक करता येतं.

सरकारी कॉलेजचं पत्र, सगळं फुकट,
फ्रिजवर चुंबकाखाली महिनाभर होतं.
कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं,
म्हणजे सगळेच बघत होतो.
एक मेच्या रात्री इव्हांद्राने ते काढलं,
चार घड्या घातल्या.
कुठे ठेवलं, मी विचारलं नाही.

पॉटकेटहून टेकडी अकरा मिनिटांवर.
तरी पहिल्या वर्षी वसतिगृहाची सक्ती.

ऑक्टोबरात वर्क ऑर्डर आली: खोली ३१४, किल्ली हरवली,
कुलूप बदलणे.
नियम असा की तीनदा ठोकायचं, "मेंटेनन्स!" म्हणायचं,
थांबायचं, पुन्हा म्हणायचं.
दार तिनेच उघडलं.
"पापा, तुला ठाऊक होतं ना मीच आहे?"
"नियम आहे."
किल्ली हरवणारी मैत्रीण पलंगावर अवघडून बसलेली.
"सर, किती वेळ लागेल?"
"बारा मिनिटं."

मी वीस घेतली.
भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर इव्हांद्राच्या अक्षरात
एक लांबलचक समीकरण होतं.
ओळखीचं काही सापडतं का, मी पाहत राहिलो.
'बरोबर'चं चिन्ह सापडलं.
तेवढ्यात तिने, न सांगता, तळहात पुढे केला
आणि स्क्रू त्यात धरून उभी राहिली,
सहा वर्षांची असताना धरायची तसे,
एकही न सांडता.

नोव्हेंबरच्या बिलात नवी ओळ होती.
कुलूपबदल, दोघींत विभागून: सत्तर डॉलर.
मजुरी, तासाला बावन्न.
त्यातले मला सत्तावीस मिळतात.
वर्क ऑर्डरवर सही माझी,
चेकवरही माझीच.

"तक्रार कर," दोमिंगास म्हणाली.
मी पाकीट चाटून बंद केलं.
म्हटलं, कुलूप नीट बसलंय.